निकॉनमध्येच राहावं की ब्रँड बदलावा? (डी७२०० आणि २००-५०० वरून पुढे)

नदीसुरय

आधी सामानाची यादी देते, म्हणजे उत्तर नेमकं देता येईल.

बॉडी: निकॉन डी७२००. लेन्स: डीएक्स (लहान सेन्सरसाठीची) १८-१४० (एएफ-एस, म्हणजे फोकसची मोटर लेन्समध्येच), ५० एमएम एफ/१.८डी, ८०-२०० एफ/२.८डी (दोन रिंगांची), २००-५०० एफ/५.६ व्हीआर (हाताचा थरथराट सावरणारी). फ्लॅश एसबी-७००. एन-ईएल१५ बॅटऱ्या तीन, त्यातली एक बरीच जुनी. कार्ड सगळी एसडी.

वापर साधारण सत्तर टक्के पक्षी, त्यातही उडते: भिगवणला सुरय, रोहित, बगळे, घारी. उरलेले तीस टक्के घरगुती आणि ओळखीतली लग्नं, नाट्यगृहातले कार्यक्रम.

अडचण अशी की पक्ष्यामागे पाणवनस्पती किंवा झाडी आली की फोकस मागे उडी मारतो. दहा फ्रेममधल्या दोन-तीनच कामाच्या निघतात. तीन मिररलेस (आरसा नसलेले) पर्याय डोळ्यांसमोर आहेत: निकॉन झेड५०-टू आणि एफटीझेड टू अडॅप्टर (जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीवर लावायचा), सोनी ए६७०० आणि २००-६००, कॅनन आर७ आणि १००-५००. ब्रँड बदलला तर सगळंच विकावं लागेल, म्हणून एकदाच आणि नीट ठरवायचं आहे.

काचसामान

नदीसुरयताई, बॉडी बाजूला ठेवा आणि आधी लेन्स बघा. बॉडी चार-पाच वर्षांत बदलते, लेन्स पंधरा वर्षं टिकते.

माउंटचं, म्हणजे लेन्स बॉडीला जिथे जोडते त्या जागेचं, गणित असं. निकॉन एफ माउंट १९५९ चा. त्यात माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ४६.५ मिमी. झेड माउंट २०१८ चा, तिथे हेच अंतर १६ मिमी. मधले ३०.५ मिमी एफटीझेड भरून काढतो. त्यात भिंग नाही, ती पोकळ नळी आहे. त्यामुळे प्रतिमेची गुणवत्ता अडॅप्टरमुळे घसरत नाही. मात्र त्यात फोकस फिरवणारी मोटरही नाही, आणि तुमच्या यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तोच आहे.

लेन्सवार बघू:

१८-१४० मध्ये स्वतःची मोटर आहे, एफटीझेडवर ऑटोफोकस चालेल. डीएक्स असल्यामुळे फुल फ्रेम झेडवर चौकट आपोआप कापली जाईल आणि २४ मेगापिक्सेलचे जेमतेम दहा उरतील. झेड५०-टूवर हा प्रश्न येत नाही.

५० एमएम १.८डी आणि ८०-२०० २.८डी या दोन्ही बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या. माउंटवर जो बारीक स्क्रू दिसतो तो बॉडी फिरवते. डी७२०० मध्ये ती मोटर आहे, एफटीझेडमध्ये नाही, झेड बॉडीतही नाही. अॅपर्चर चालेल, मीटरिंग चालेल, फोकस मात्र हाताने. स्थिर फोटोला फोकस पीकिंग (धारदार कडा रंगवून दाखवणारी सोय) लावून जमतं. नाटकाच्या मंचावर हलत्या नटावर एफ/२.८ ला हाताने फोकस ठेवणं फार अवघड.

२००-५०० एएफ-एस आहे आणि अॅपर्चर इलेक्ट्रॉनिक, त्यामुळे एफटीझेडवर ती पूर्ण चालते, व्हीआरसकट. पण पक्षी ओळखण्याचं काम बॉडीचं आणि भिंगं हलवण्याचं काम लेन्समधल्या मोटरचं. बॉडी बदलल्यावर फोकस योग्य जागी बसेल, लांबून जवळ यायला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहील. हे लक्षात न घेता अनेकजण अडॅप्टरला दोष देतात.

म्हणजे निकॉनमध्ये राहिलात तरी ८०-२०० चं अर्धं काम बंद पडतं. ‘तोच ब्रँड, म्हणजे सगळं सामान चालेल’ हे गृहीत धरू नका.

घारपाखरू

पैसे खर्च करण्याआधी दोन गोष्टी तपासा. मागच्या झाडीवर उडी मारणारा फोकस निम्म्या वेळा सेटिंगमुळे असतो.

डी७२०० वर एएफ-सी (सतत फोकस), आणि ५१ बिंदूंऐवजी डायनॅमिक ९ किंवा २१. मोकळ्या आकाशात २१, पार्श्वभूमी गुंतागुंतीची असेल तर ९. थ्रीडी ट्रॅकिंग रंगावर चालतं, राखी बगळ्यामागे राखी पाणी असलं की ते हरवतं. कस्टम मेनूत ए३ म्हणजे लॉक-ऑनचा वेळ, तो ४ किंवा ५ वर ठेवा, मध्ये गवताचं पातं आलं तरी बॉडी लगेच उडी मारणार नाही. ए१ मध्ये ‘रिलीज’ ऐवजी ‘फोकस’. लेन्सवरची फोकस मर्यादा ‘अनंत ते ६ मीटर’ वर. व्हीआर ‘स्पोर्ट’ वर. शटर १/२००० किंवा त्याहून वेगवान.

डी७२०० चे ५१ बिंदू, त्यातले फक्त मधले १५ क्रॉस, म्हणजे उभ्या-आडव्या दोन्ही रेषा पकडणाऱ्या प्रकारचे. पक्षी कडेला ठेवून पाठलाग केला तर पकड ढिली पडणारच. पक्षी मध्ये ठेवा, रचना नंतर कापून करा.

दुसरी गोष्ट फ्रंट-फोकस, बॅक-फोकस. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, चित्र टिपणारा वेगळा. दोघांत किंचित फरक असला तर प्रत्येक फ्रेम थोडी मागे किंवा पुढे जाते. तपासायची पद्धत: सकाळी लवकर, १२-१५ मीटरवर छापील अक्षरांचा कागद, भक्कम ट्रायपॉड, व्हीआर बंद, ५०० एमएम, एफ/५.६. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस करून पाच फोटो. मग व्ह्यूफाइंडरमधून दहा, दर फोटोआधी फोकस रिंग मुद्दाम ढळवायची. लाइव्ह व्ह्यूचे धारदार आणि व्ह्यूफाइंडरचे मऊ आले तर सेटअप मेनूत एएफ फाइन-ट्यून. -२० ते +२० असा पल्ला असतो, पाच-पाचने सरका. डी७२०० झूमलाही एकच आकडा ठेवतो, म्हणून ज्या टोकाला जास्त वापर, म्हणजे ५०० ला, तिथेच जुळवा.

आणि भिगवणला ऊन चढल्यावर पाण्यावरून जी वाफाळ हवा थरथरते तिला कुठल्याच ब्रँडकडे औषध नाही. पंचाहत्तर मीटरवरचा रोहित अकरा वाजता मऊच येणार. उन्हातल्या फोटोंवरून बॉडी जोखू नका.

नदीसुरय

फाइन-ट्यूनची पद्धत या रविवारीच करून बघते. लॉक-ऑन ३ वर होतं आणि ए१ ‘रिलीज’ वर, म्हणजे तिथेच चूक होती.

८०-२०० चं मात्र माहीत नव्हतं. मग निकॉनचा फायदा फक्त २००-५०० पुरताच राहतो का? तसं असेल तर सोनी किंवा कॅननला जायला काय हरकत?

उजनीकाठ

हरकत नाही, पण पक्ष्यावर किती पिक्सेल पडतात हे आधी मोजा. पक्ष्यांच्या कामात मेगापिक्सेलचा एकूण आकडा फसवा असतो. पिक्सेल जितका बारीक, तितके जास्त पिक्सेल त्याच अंतरावरच्या त्याच पक्ष्यावर.

डी७२०० चा पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉन. झेड५०-टूचा ४.२, ए६७०० चा ३.८ च्या आसपास, आर७ चा ३.२. निकॉन झेड५-टू किंवा झेड६-थ्री या २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम, तिथे ५.९. ५०० एमएमला एकाच जागेवरून टिपलेल्या सुरयावर आर७ मध्ये डी७२०० च्या दीडपट पिक्सेल, आणि झेड५-टूमध्ये निम्म्याहून कमी. म्हणून ‘फुल फ्रेम घ्या, दर्जा वाढतो’ हा सल्ला पक्ष्यांसाठी आंधळेपणाने घेऊ नका. लग्नाच्या हॉलमध्ये तोच सल्ला बरोबर ठरतो.

आता लेन्स. सोनी २००-६०० (२०१९) आतल्या आत झूम होते, लांबी बदलत नाही, वजन ट्रायपॉडचा पाया काढून २.१ किलो. निकॉन झेड १८०-६०० (२०२३) तशीच, पाया काढून जवळपास १.९६ किलो, आणि झूमची रिंग ७० अंशांत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला. तुमची २००-५०० पायासकट २.३ किलो, झूमला मनगट दोनदा फिरवावं लागतं आणि लेन्स पुढे लांबते, त्यामुळे होडीत तोल बदलतो. कॅनन आरएफ १००-५०० (२०२०) फक्त १.३७ किलो, दिवसभर हातात धरता येते. पण ५०० ला तिचं अॅपर्चर एफ/७.१. तुमच्या ५.६ च्या तुलनेत दोन तृतीयांश स्टॉप कमी, म्हणजे जिथे आयएसओ १६०० चाललं तिथे २५०० लागेल. पहाटेच्या होडीत हे जाणवतं.

आर७ बद्दल एक सावधगिरी: इलेक्ट्रॉनिक शटरला सेन्सर वाचायला सेकंदाचा सुमारे तिसावा भाग लागतो. वेगात फडफडणारे पंख वाकडे येतात. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला १५ फ्रेम मिळतात, तेवढे पुरे आहेत, तिथेच राहा.

माउंटचा एक मुद्दा सहसा कोणी सांगत नाही. सोनी ई माउंटचं अंतर १८ मिमी, निकॉन झेडचं १६. मधल्या दोन मिमीत बसणारे अॅडॅप्टर मिळतात आणि सोनीच्या लेन्स झेड बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. उलट दिशेने, झेडची लेन्स सोनीवर, भौमितिकदृष्ट्या शक्यच नाही. आज सोनीच्या लेन्स घेतल्यात आणि उद्या निकॉनला परतलात तर रस्ता थोडा उघडा राहतो. निकॉन झेडच्या लेन्स घेऊन सोनीकडे गेलात तर सगळं विकावंच लागतं.



मांडवशेजारी

तीस टक्के कार्यक्रमांबद्दल लिहितो, कारण तिथे पैसे अडकतात.

हॉलमधले दिवे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. मिररलेसवर सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर लावलं की फोटोत आडवे पट्टे येतात. उपाय: मेकॅनिकल शटर, वेग १/१०० किंवा १/५०, अँटी-फ्लिकर चालू. स्टेजमागच्या एलईडी भिंतीची लुकलुक याहून खूप वेगवान असते, तिथे १/१०० चा नियम चालत नाही. शटर एकेक पायरी बदलून पडद्यावर बघत पट्टे नाहीसे होतात तो वेग शोधावा लागतो. नाटकात मात्र आवाज चालत नाही म्हणून सायलेंट लावायचा मोह होतो, अशा वेळी पडदा उघडायच्या आधीच्या प्रकाशात चाचणी करून ठेवा.

फ्लॅश: एसबी-७०० झेड बॉडीवर टीटीएलसकट (फ्लॅशची ताकद कॅमेराच ठरवतो) चालतो, पण त्याचा फोकसला मदत करणारा लाल दिवा पेटत नाही. सोनी-कॅननवर गेलात तर एसबी-७०० हाती फक्त मॅन्युअल राहतो. गोडॉक्ससारखे रेडिओवाले फ्लॅश असतील तर कॅमेऱ्यावरचा ट्रिगर त्या ब्रँडचा घ्यायचा, लांब ठेवलेले फ्लॅश तेच चालतात. म्हणून पुढचा फ्लॅश घ्याल तो असाच घ्या. ब्रँड बदलताना फ्लॅशचा खर्च लोक हमखास विसरतात.

काचसामान

तिसरी वाट कोणी मांडली नाही म्हणून लिहितो: सेकंडहँड डी५००.

२०१६ ची बॉडी, २०.९ मेगापिक्सेल, १५३ फोकस बिंदू आणि त्यातले ९९ क्रॉस, सेकंदाला १० फ्रेम. बिंदू चौकटीच्या जवळजवळ कडेपर्यंत पसरलेले, त्यामुळे घारपाखरू यांनी सांगितलेली ‘पक्षी मध्ये ठेवा’ ही अट सैल होते. डी७२०० चा बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो साठवणारी मेमरी) १४ बिट रॉला (प्रक्रिया न केलेल्या फाइलला) १८ फ्रेममध्ये भरतो, डी५०० वेगवान कार्डावर २०० पर्यंत जातो. बॉडीत मोटर आहे, म्हणजे ५० आणि ८०-२०० दोन्ही पूर्ण जिवंत. फोटोंसाठी अँटी-फ्लिकर आहे. एसबी-७०० चालतो. तुमच्या चारही लेन्समधलं काहीही वाया जात नाही.

उणे बाजू: डोळा ओळखणारा फोकस नाही. पॉप-अप फ्लॅश नाही, डी७२०० त्याच फ्लॅशने एसबी-७०० ला लांबून आज्ञा देतो, ती सोय जाईल. एक खाच एक्सक्यूडी या वेगळ्या प्रकारच्या वेगवान कार्डाची, दुसरी एसडीची. नवीन फर्मवेअर टाकलं की एक्सक्यूडीच्या खाचेत सीएफएक्सप्रेस टाइप बी चालतं, आणि तेच कार्ड पुढे झेड८ मध्येही चालेल. सोनीचं टाइप ए आकाराने वेगळं, ते इथे बसत नाही.

बॅटरी: जुन्या एन-ईएल१५ च्या पाठीवर ‘ली-आयन ०१’ छापलं असेल तर डी५०० मध्ये ती लवकर संपलेली दिसते. ‘ली-आयन २०’ हवी. झेड५०-टूला मात्र एन-ईएल१५ चालतच नाही, तिचा आकारच वेगळा, तिन्ही बॅटऱ्या निरुपयोगी होतील. झेड५-टू आणि झेड६-थ्रीला चालतात. दिवसभराच्या होडीसाठी लक्षात ठेवा: डी७२०० ला प्रमाणित चाचणीत एका चार्जमध्ये १११० फोटो, पहिल्या झेड६ ला ३१०. सलग बर्स्टमध्ये प्रत्यक्ष आकडा खूप वाढतो, तरी मिररलेसला दोन जादा बॅटऱ्या धरूनच हिशेब करा.

जुनाबाजार

डी५०० सेकंडहँड घेणार असाल तर तपासणी अशी करा.

विकणाऱ्याकडून त्याच दिवशी काढलेली मूळ एनईएफ (निकॉनची रॉ) फाइल मागा, स्क्रीनशॉट नको. एक्झिफटूल या प्रोग्रॅममध्ये शटर काउंट, म्हणजे शटर किती वेळा उडालं तो आकडा, दिसतो. डी५०० चं शटर २ लाखांसाठी चाचणी केलेलं असतं, ७०-८० हजारांपर्यंत निश्चिंत घ्या, दीड लाखाच्या पुढे असेल तर शटर बदलायचा खर्च किमतीतून वजा करून बोला. कॅननमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमध्ये सहसा लिहिलेला नसतो, तिथे बॉडीच्या खुणांवरून अंदाज घ्यावा लागतो.

मग एफ/१६ ला पांढऱ्या भिंतीचा फोकस ढळवलेला फोटो: काळे ठिपके धुळीचे, ते साफ होतात. तेलकट कडा असलेले ठिपके किंवा ओरखडे नकोत. रबराची पकड फुगलीय का, कार्डाच्या खाचेतल्या पिना सरळ आहेत का, दोन्ही डायल एका खटक्याला एकच पायरी सरकतात का, हे हाताने बघा.

मुंबई-कोकणातल्या लेन्सला बुरशीची तपासणी अनिवार्य. अॅपर्चर पूर्ण उघडं, मागून टॉर्च तिरका मारायचा, झूम दोन्ही टोकांना. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या की सौदा थांबवा. हेच तुमच्या सामानाचंही विकताना बघितलं जाईल, म्हणून पावसाळ्यात पेटी ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवा.

८०-२०० दोन रिंगांच्या लेन्सचा ठरलेला दोष म्हणजे ए-एम बदलणाऱ्या रिंगेला तडा जातो आणि ती ‘ए’ वर टिकत नाही. विकायची असेल तर आधी हे बघा, किंमत त्यावर ठरते.

विकण्याचा क्रम: आधी बॉडी, कारण तिची किंमत दर नव्या मॉडेलसरशी उतरते. लेन्स थांबू शकतात. फोर्टात बोराबझारच्या दुकानात पटकन पैसे मिळतात पण दुकानदाराला त्याचा नफा ठेवावा लागतो, थेट वापरणाऱ्याला विकलं तर जास्त येतात. नवीन घेताना जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी तपासा, बाहेरून आणलेल्या बॉडीला ती बहुधा मिळत नाही.

कच्चीफाइल

सॉफ्टवेअर राहिलं. एकदाच विकत घेतलेलं लाइटरूम ६ वापरत असाल तर त्याचं काम २०१७ च्या कॅमेऱ्यांपाशी थांबतं. डी५०० उघडेल. झेड५०-टू, ए६७००, आर७ यांच्या रॉ फाइल उघडणार नाहीत. अडोबीचं मोफत डीएनजी कन्व्हर्टर वापरून आधी डीएनजी कराव्या लागतात, म्हणजे दर सहलीनंतर एक पायरी जास्त. निकॉनचं एनएक्स स्टुडिओ मोफत आहे आणि जुन्या-नव्या दोन्ही एनईएफ उघडतं.

रंगांसाठी ब्रँड बदलू नका. ‘कॅननची त्वचा, निकॉनचा हिरवा’ हा फरक मुख्यतः जेपेगमधला आणि प्रोफाइलमधला. रॉवर काम करत असाल तर एकदा प्रोफाइल जुळवलं की तो मुद्दा संपतो.

नदीसुरय

सगळ्यांचे मनापासून आभार. मला आता एवढं दिसतंय: कार्यक्रमांसाठी ८०-२०० हवीच आहे, आणि दोन वर्षांत नवी मोठी लेन्स घेणं शक्य नाही. म्हणून आधी फाइन-ट्यून, मग डी५०० कमी शटर काउंटची मिळते का बघते. पण झेड५०-टू हातात न घेताच नाकारायची नाही. दोन दिवस भाड्याने आणणार आहे. तुलना कशी करू म्हणजे स्वतःची फसगत होणार नाही?

घारपाखरू

लेन्स दोन्हीकडे तुमचीच २००-५०० ठेवा, म्हणजे फरक फक्त बॉडीचा. भाड्याने घेताना एफटीझेड टू सोबत मागा. त्याला ट्रायपॉडचा पाया नाही, पण तुमच्या लेन्सला स्वतःचा आहे म्हणून अडणार नाही. अडॅप्टर बॉडीला लावून ठेवायचा आणि लेन्स तिथूनच काढ-घाल करायची. तरी सेन्सर उघडाच असतो, म्हणून तोंड खाली धरून बदला, होडीत नको.

पहिला दिवस गावातच, घारींवर. घारी सगळीकडे असतात आणि त्यांचा वेग बेताचा. तीन प्रसंग ठरवा: मोकळं आकाश, मागे झाडी, तुमच्याकडे थेट येणारी घार. प्रत्येक प्रसंगाला प्रत्येक बॉडीवर दहा पाठलाग, दर पाठलागात दोन सेकंदांचा बर्स्ट. शटर १/२५००, आयएसओ ऑटो, अॅपर्चर ५.६ दोन्हीकडे. झेडवर विषय ओळखणं ‘पक्षी’ वर, मेकॅनिकल शटर.

मोजताना एकूण चांगले फोटो मोजू नका, झेड जास्त फ्रेम मारते म्हणून तिचे जास्तच येतील. तीन गोष्टी लिहा: पहिली धारदार फ्रेम कितवी, बर्स्टमध्ये डोळ्यावर फोकस असलेल्या फ्रेम शंभरात किती, आणि फोकस मागे गेला तर परत यायला किती फ्रेम लागल्या. तुमची तक्रार तिसऱ्या आकड्यात आहे, निर्णय त्याच्यावर घ्या. पहिल्या आकड्यात दोन्ही बॉडी सारख्या आल्या तर ती लेन्सच्या मोटरची मर्यादा, ती डी५०० नेही जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नाट्यगृहात ८०-२०० झेडवर लावून हाताने फोकस करून बघा, पीकिंग लाल रंगात, संवेदनशीलता कमी. अर्ध्या तासात कळेल की ती लेन्स तुम्हाला ऑटोफोकसशिवाय चालणार आहे की नाही.